बंद पडलेली ट्रॉली कोणाची?

दसऱ्याच्या आगेमागे कारखान्यांचे बॉयलर पेटतात, दिवाळी सरली की गव्हाणीत मोळी पडते आणि सोलापूर जिल्ह्यातील रस्त्यांचा नूरच पालटतो. माळशिरस, पंढरपूर, माढा, करमाळा, मंगळवेढा अशा कोणत्याही तालुक्यात सायंकाळनंतर बाहेर पडा, पुढे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर असतोच. त्याच्यामागे टायर बैलगाड्यांची रांग. त्याच सुमारास कार्तिकी वारी येते, म्हणजे पायी चालणारी माणसेही त्याच रस्त्यावर. वाहतूक वाढते, पण रस्ता तेवढाच राहतो, आणि साइडपट्टी पावसाळ्यात वाहून गेलेली असते.

या दिवसांत पेपरात एक बातमी ठरलेली. तीन-चार ओळींची असते. ‘उभ्या ट्रॉलीवर दुचाकी आदळून एक ठार.’ नाव बदलते, गाव बदलते, बातमी तीच. वाचणारा हळहळतो आणि म्हणतो, ‘पोरं गाड्या लईच जोरात चालवतात.’ विषय तिथेच संपतो.

जोरात चालवणे हा दोष आहेच. पण या बातमीचे पहिले पान कुणी वाचत नाही. ती ट्रॉली तिथे उभी कशी राहिली, किती वेळ राहिली, तिच्यामागे काही खूण होती का आणि ती तिथून हलवण्याचे काम कोणाचे होते, हे चार प्रश्न पंचनाम्यानंतर कुणाला आठवत नाहीत. आजचा हा लेख त्या चार प्रश्नांसाठी आहे.

अपघाताआधीचे दोन तास

प्रकार साधारण असा घडतो. रात्री नऊचा सुमार. ओढ्याच्या चढाला मागच्या ट्रॉलीचा टायर फुटतो, नाही तर एक्सल बसतो. ड्रायव्हर मालकाला फोन लावतो, ‘मालक, मागची ट्रॉली बसली. पुढची खाली करून येतो अन् येताना मिस्त्री आणतो.’ मालक म्हणतो, ‘लवकर ये, नंबर जाईल.’ ड्रायव्हर चाकाला दोन मोठे दगड लावतो, हुकाची पिन काढतो आणि ट्रॅक्टर घेऊन निघून जातो.

इथेच घोळ होतो. ट्रॉलीच्या मागच्या दिव्याला करंट ट्रॅक्टरच्या बॅटरीतून मिळतो. पिन काढली, वायर सुटली की ट्रॉलीचा दिवा मेला. ड्रायव्हर तिथून गेला तेव्हा तो त्या ट्रॉलीचा एकमेव उजेडही सोबत घेऊन गेला. मागे राहिला तो मातीच्या आणि वाळल्या पाचटाच्या रंगाचा एक ढीग, अर्धा डांबरावर आणि अर्धा खाली.

मुद्दाम कुणी हे करत नाही. ड्रायव्हरला खेपेवर पैसे मिळतात. कारखान्यावर नंबर चुकला तर रात्र वाया जाते. ऊस वाळला की वजन घटते. ट्रॅक्टर रस्त्यावर सोडावा तर बॅटरी आणि डिझेल चोरीला जाण्याची भीती. ही सगळी कारणे खरी आहेत. पण त्या कारणांची किंमत मागून येणारा भलताच माणूस मोजतो. पहाटे डेअरीला दूध घालायला निघालेला, बाजाराहून परतणारा, नाही तर आजारी माणसाला तालुक्याला घेऊन चाललेला.

उजेडाचे गणित

‘मागच्याने बघून चालवायला नको का?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर साध्या हिशेबात आहे.

ताशी ६० किलोमीटर वेगाने चाललेले वाहन एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोर काही दिसल्यावर माणसाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद तरी जातो. तेवढ्यात २५ मीटर संपले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकने थांबायला आणखी २०-२५ मीटर लागतात. म्हणजे दिसल्यापासून थांबेपर्यंत साधारण ५० मीटर. वेग ८० असेल तर हा आकडा ७० मीटरच्या पुढे जातो.

आता दुसरी बाजू पाहा. समोरून गाडी येत असताना आपण डिपर मारतो. डिपरच्या उजेडात मातकट रंगाची वस्तू ३०-४० मीटरवर आली तर दिसते. समोरच्याने डिपर मारलाच नाही तर तेवढीही नाही. म्हणजे जो माणूस ६० च्या बेताच्या वेगाने, शुद्धीत, नीट गाडी चालवतो आहे, त्यालासुद्धा अंधारातील ट्रॉली दिसते तेव्हा थांबायला जागा उरलेली नसते. ही चूक त्याच्या डोळ्यांची नाही.

याउलट रेडियमची चांगली पट्टी हेडलाइट पडला की शे-दीडशे मीटरवरून चमकते. तिला बॅटरी लागत नाही, वायर लागत नाही, ड्रायव्हर गेला तरी ती जागी राहते. एका ट्रॉलीला पुरेल एवढ्या पट्टीचा खर्च ट्रॉलीच्या एका टायरच्या पासंगालाही पुरत नाही. मागे लाल, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी असा रंगांचा नियम आहे. तो पाळला म्हणजे येणाऱ्याला कळते की आपण वाहनाच्या कोणत्या अंगाला आहोत.

पण पट्टी लावून भागत नाही. हंगामाच्या पहिल्या दिवशी लावलेली पट्टी पंधरा दिवसांत चिखलाने माखते. दुसरे म्हणजे, ऊस भरताना वाढे ट्रॉलीच्या मागे हात-दीड हात लोंबतात आणि पट्टी व दिवा दोन्ही झाकून टाकतात. म्हणून रोज संध्याकाळी फडक्याने पट्टी पुसणे आणि उसाच्या सर्वांत मागच्या टोकाला रेडियमची एक पाटी दोरीने टांगणे, ही दोन कामे ट्रॉली बांधण्याच्या कामातच धरली पाहिजेत. बैलगाडीला तर दिवाच नसतो. तिला मागे पट्टी, जुवाला पट्टी आणि बैलांच्या शिंगांना रेडियम, एवढे हवेच.

पहिली दहा मिनिटे

वाहन कोणतेही असो, जीप, कार, टेम्पो की ट्रॅक्टर, बंद पडल्यावरची पहिली दहा मिनिटे महत्त्वाची. दुरुस्ती नंतर. आधी आपण दिसलो पाहिजे आणि माणसे बाजूला झाली पाहिजेत.

इंजिन गुरगुरू लागले, गाडी एका बाजूला ओढू लागली, काटा तापला, की तिथल्या तिथे ब्रेक दाबू नये. डावा इंडिकेटर द्यावा, ॲक्सिलरेटर सोडावा आणि गाडी चालते आहे तोवर जमेल तेवढी डांबराच्या बाहेर घ्यावी. वळण, पूल आणि चढाचा माथा या तीन जागी थांबू नये, कारण मागच्याला आपण शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. टायर फुटला असेल आणि शंभर पावलांवर मोकळी जागा असेल तर रिमवर रेटत तिथपर्यंत जावे. रिम खराब होईल, होऊ द्यावी.

गाडी थांबली की चारी इंडिकेटर एकदम लावावेत. मग माणसे उतरवावीत, रस्त्याकडच्या दाराने नव्हे, डाव्या दाराने. उतरलेल्या माणसांनी गाडीला टेकून उभे राहू नये, गाडीच्या मागेही नाही आणि पुढेही नाही. मागून धक्का बसला तर उभी गाडीच पुढे येते. रस्त्याच्या खाली, बांधापलीकडे, आणि द्रुतगती मार्गावर असाल तर लोखंडी कठड्याच्या पलीकडे जाऊन थांबावे. लहान मुले गाडीत झोपली आहेत म्हणून त्यांना आत राहू देणे, हा मायेपोटी केलेला सर्वांत मोठा धोका आहे.

त्यानंतर खूण. चारचाकीबरोबर लाल चमकता त्रिकोण मिळतो, तो डिकीत स्टेपनीखाली नव्याकोऱ्या पिशवीत पडून असतो. तो बाहेर काढावा आणि गाडीच्या मागे निदान ५० मीटरवर ठेवावा. मोठ्या पावलांनी मोजली तर सत्तर पावले. महामार्गावर त्याच्या दुप्पट. गाडीच्या मागे दोन हातांवर ठेवलेल्या त्रिकोणाचा उपयोग नाही. तिथवर येईपर्यंत मागच्याचा निकाल लागलेला असतो. वळणापुढे गाडी बंद पडली असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे हवा. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरच्या अंगालाही एक खूण लागते. त्रिकोण ठेवायला जाताना येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून, रस्त्याच्या कडेने आणि तो पोटाशी न धरता समोर धरून चालावे.

त्रिकोण नसेल तर? मोकळा डबा, खताची पिशवी, काहीही चालेल, पण त्यावर रेडियमचा तुकडा हवा. बॅटरी असेल तर एकाने बाजूला उभे राहून ती खाली रस्त्यावर हलवत ठेवावी, येणाऱ्याच्या डोळ्यांवर मारू नये. झाडाचा डहाळा दिवसा चालतो. रात्री डहाळा आणि अंधार यांत फरक नसतो. पेटते टायर किंवा पाचटाचा जाळ तर कधीच करू नये. शेजारी डिझेल आहे, ट्रॉलीत वाळलेले पाचट आहे आणि धुराने होता तो रस्ताही दिसेनासा होतो.

मदतीला थांबणाऱ्यांनीही सांभाळावे. ५ जून २०१६ च्या पहाटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पनवेलजवळ शेडुंग येथे घडलेली दुर्घटना अनेकांच्या स्मरणात असेल. टायर पंक्चर झाल्याने एक कार कडेला थांबली होती, तिच्यापाशी दुसरे वाहन थांबले होते. मागून आलेली बस या दोन्ही वाहनांवर आदळून खड्ड्यात गेली आणि १७ जणांचा बळी गेला. एक पंक्चर, एवढेच कारण. थांबून मदत करणे हा आपल्याकडचा चांगला रिवाज आहे, तो सोडू नये. पण आपली गाडी बंद गाडीच्या पुढे, रस्त्याच्या पूर्ण बाहेर लावावी आणि पहिले काम मागे खूण ठेवण्याचे करावे. पान्याला हात नंतर घालावा.

उजव्या, म्हणजे रस्त्याकडच्या चाकाचा टायर मोठ्या रस्त्यावर स्वतः बदलायला बसू नये. गुडघ्यावर बसलेल्या माणसाच्या पाठीला लागून ट्रक जात असतात. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे, पोलिसांसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. फोन करताना गावाच्या नावाबरोबर जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगावा. ‘ढाब्याच्या पुढे’ म्हटले तर तसे वीस ढाबे असतात.

ट्रॉलीचे पथ्य वेगळे

भरलेल्या ट्रॉलीला कारचे नियम पुरत नाहीत. पहिली गोष्ट, पिन काढण्याआधी दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावावी, लाकडी ठोकळा असेल तर उत्तम. दोन चाकी ट्रॉलीचा पुढचा भार हुकावर असतो. स्टँड न लावता पिन काढली तर दांडी आपटते किंवा ट्रॉली मागे उलते, आणि मध्ये उभा असलेला माणूस सापडतो. दुसरी गोष्ट जॅकची. साइडपट्टीची माती मऊ असते. टनांनी भरलेली ट्रॉली नुसत्या जॅकवर उचलली तर जॅक रुततो आणि सटकतो. खाली फळी घालावी, आणि शक्य असेल तिथे थोडा ऊस उतरवूनच चाकाला हात लावावा. जॅकवर उभ्या ट्रॉलीखाली कुणी शिरू नये.

तिसरी गोष्ट तोडणी कामगारांची. रात्री भरलेल्या ट्रॉलीवर बायकापोरे झोपलेली असतात. ट्रॉली बंद पडली की ती तिथेच झोपून राहतात, काही जण वाऱ्यापासून आडोसा म्हणून ट्रॉलीखाली अंथरूण टाकतात. दिवसभर कोयता चालवून थकलेले जीव, त्यांना कोण उठवणार? पण उठवलेच पाहिजे. ही जबाबदारी मुकादमाची आहे आणि ती त्याला हंगामाच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगितली पाहिजे.

चौथी गोष्ट दगडांची. ट्रॉली दुरुस्त होते, ट्रॅक्टर जोडला जातो, सगळे घाईत निघून जातात आणि चाकाला लावलेले दगड डांबरावर तसेच राहतात. पुढे त्या दगडावर मोटारसायकल उडते, तेव्हा ती ट्रॉली कधीच गव्हाणीत खाली झालेली असते. दगड उचलून बांधाला टाकायला एक मिनिट लागतो. ते मिनिट ज्याने वाचवले, त्याला पुढच्या अपघाताशी आपला काही संबंध होता हे कधी कळतही नाही.

आणि पाचवी, सर्वांत महत्त्वाची. ट्रॅक्टर न्यायचाच असेल तर एक माणूस मागे राहिला पाहिजे, बॅटरी आणि रेडियमच्या पाटीसह. ट्रॉलीपाशी नव्हे, तिच्या मागे पन्नास मीटरवर, रस्त्याच्या खाली. एवढे जमत नसेल तर ट्रॅक्टर हलवू नये, दिवे लावून तिथेच ठेवावा आणि मिस्त्रीला बोलावून घ्यावे. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. मिस्त्री आणायला ट्रॅक्टरच गेला पाहिजे, असे दिवस राहिलेले नाहीत.

कायदा काय म्हणतो

बंद पडलेले वाहन म्हणजे ‘दैवाचा खेळ’, त्यात आपला काय दोष, असा समज आहे. कायदा तसे मानत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२२ प्रमाणे कोणतेही मोटार वाहन किंवा ट्रेलर सार्वजनिक जागी इतरांना धोका, अडथळा किंवा त्रास होईल अशा स्थितीत उभे ठेवता येत नाही. ट्रेलर हा शब्द कलमातच आहे, म्हणजे ‘ट्रॉली काय गाडी आहे का’ ही सबब चालत नाही. कलम २०१ प्रमाणे बंद वाहनाने वाहतुकीला अडथळा केल्यास पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे. कलम १२७ प्रमाणे धोकादायक जागी उभे असलेले वाहन पोलीस ओढून नेऊ शकतात आणि खर्च मालकाकडून वसूल होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ मध्ये सार्वजनिक रस्त्यावर धोका किंवा अडथळा निर्माण करण्याबद्दल पाच हजारांपर्यंत दंड आहे. आणि निष्काळजीपणाने कुणाचा जीव गेला तर कलम १०६ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दंडापेक्षा मोठा विषय भरपाईचा आहे. उभ्या वाहनावर मागून कुणी आदळला तर चूक मागच्याचीच, असे गावात सर्रास म्हटले जाते. रात्री रस्त्याच्या मध्ये, दिवे व खूण न लावता उभ्या केलेल्या टँकरवर कार आदळल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली टँकरच्या बाजूचाच दोष धरला, कारवाल्याचा नाही. प्रत्येक प्रकरणाचा पुरावा वेगळा असतो. पण ‘मागच्याची चूक’ हे वाक्य कोर्टात आपोआप चालत नाही, एवढे यातून दिसते.

मग पैसे कोण भरणार? विमा कंपनी. पण विमा कुणाचा? अनेकदा ट्रॅक्टरचा विमा असतो, ट्रॉलीचा नसतो. काही ट्रॉल्यांची नोंदणीही झालेली नसते. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी उतरवलेला असतो आणि काम भाड्याने ऊस ओढण्याचे चाललेले असते. अशा वेळी कंपनी हात वर करते, किंवा आधी भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करायला निघते. कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेल्या शेतकऱ्याच्या सातबारावर याचा बोजा चढू शकतो. हंगामापूर्वी ट्रॅक्टर व दोन्ही ट्रॉल्यांचे कागद काढून, कोणत्या वापरासाठी विमा आहे हे एकदा वाचून घेणे, यात प्रत्येक मालकाचे हित आहे.

जखमीला उचलणाऱ्याने घाबरण्याचे मात्र कारण नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातातील जखमींसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या विनारोकड उपचारांची योजना जाहीर केली. पोलीस पाटलांनी आणि सरपंचांनी या दोन गोष्टी ग्रामसभेत वाचून दाखवल्या पाहिजेत. जखमी माणूस रस्त्यात पडून राहतो तो बहुतेक वेळा ‘पोलिसांची झंझट नको’ या एका वाक्यामुळे.

जबाबदारीची साखळी

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली, त्यांपैकी १५ हजारांवर एकट्या महाराष्ट्रात. एवढ्या मोठ्या आकड्यापुढे एक ट्रॉली म्हणजे काय, असे वाटेल. पण हा आकडा अशाच एकेका ट्रॉलीचा, एकेका वळणाचा बनलेला आहे, आणि आपल्या हातात असलेला भाग तेवढाच आहे.

आता मूळ प्रश्न, बंद पडलेली ट्रॉली कोणाची? मालकाला विचारा, तो म्हणतो, ‘ड्रायव्हरला सांगितलं होतं.’ ड्रायव्हर म्हणतो, ‘मालक रेडियमला पैसे देत नाही.’ कारखाना म्हणतो, वाहतूक ठेकेदाराशी करार आहे, रस्त्यावरचे आम्ही पाहत नाही. बांधकाम खाते म्हणते, साइडपट्टीला निधी नाही. पोलीस म्हणतात, माणसे कमी. प्रत्येकाचे म्हणणे थोडेथोडे खरे असते, आणि ट्रॉली रात्रभर तिथेच असते.

या साखळीत एकच जागा अशी आहे की जिथे प्रत्येक ट्रॉली रोज न चुकता जाते. ती म्हणजे कारखान्याचा वजनकाटा. ऊस खाली करून रिकामी ट्रॉली पुन्हा काट्यावर येते, तेव्हा तिच्या मागची पट्टी, दिवा, टायर सगळे उघडे दिसते. तिथे पाहणाऱ्याने एक नजर टाकायची, मागे रेडियम नाही, पाटी नाही तर पुढच्या खेपेची चिठ्ठी नाही. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवा अधिकारी लागत नाही. वाहतूक करारात एक कलम घालावे लागते. हंगामाच्या तोंडावर फोटो काढून चार ट्रॉल्यांना रेडियम लावण्याचा कार्यक्रम होतो तो चांगलाच आहे, पण फेब्रुवारीत ती पट्टी चिखलाखाली गेलेली असते, तेव्हा पाहणारा कुणी नसतो. शेतकी अधिकाऱ्यापासून चिटबॉयपर्यंत कारखान्याची माणसे शिवारात रोज फिरतात. कोणती ट्रॉली कुठे बसली, हे त्यांना सर्वांत आधी कळते. रात्रपाळीला एक जीप, चार शंकू, दोन बॅटऱ्या आणि एक मिस्त्री एवढी सोय कारखान्याने ठेवली तर ऊसही वेळेवर येईल. म्हणजे हा उपकार नाही, व्यवहारच आहे.

सभासद शेतकऱ्यांनी हा विषय वार्षिक सभेत मांडावा. उसाच्या दरावर आपण तास-तास बोलतो, आणि ते बोललेच पाहिजे. पण ज्या वाहतुकीचा खर्च आपल्याच बिलातून जातो, ती वाहतूक आपल्याच गावच्या पोराचा जीव घेत असेल, तर त्यावर पाच मिनिटे बोलायला काय हरकत आहे?

गावाने काय करावे

ग्रामपंचायतीच्या हातातही बरेच आहे. गावातून जाणाऱ्या रस्त्यावर ट्रॉल्या कुठे बसतात, हे गावाला पाठ असते. तोच ओढ्याचा चढ, तीच देवळाजवळची चढण, तेच अर्धवट पुलाचे वळण. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत अशा जागांची यादी करून ठरावासह बांधकाम उपविभागाला द्यावी आणि तिथली साइडपट्टी मुरूम टाकून भरून घ्यावी. तोंडी सांगितले तर तोंडी उत्तर मिळते, ठरावाला पोच मिळते. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १९८-अ आले आहे. रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत ठरलेले निकष न पाळल्याने मृत्यू वा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आपण कळवले होते, याचा लेखी पुरावा अशा वेळी कामाला येतो.

दुसरे, रस्त्यालगतच्या एखाद्या ठिकाणी, दूध डेअरी, पेट्रोल पंप किंवा रात्री उघडे असणारे हॉटेल, तिथे दोन शंकू, एक चार्जिंगची बॅटरी आणि रेडियमची पाटी ठेवावी. ज्याची गाडी बंद पडेल त्याने न्यावी, सकाळी परत करावी. तिसरे, पोलीस पाटलाचा, क्रेनवाल्याचा आणि गावातल्या मिस्त्रीचा फोन नंबर तिथेच भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवावा. चौथे, रात्री गावाच्या शिवेत बिनखुणेचे वाहन दिसले तर पोलीस पाटलाने ११२ ला कळवावे आणि गावच्या दोन तरुणांना पाठवून मागे खूण ठेवावी. वाहन कोणाचे, कोणत्या कारखान्याचे, कोणत्या पार्टीचे हे सकाळी विचारता येते.

पोलिसांकडूनही एक अपेक्षा. ट्रॅक्टरची तपासणी बहुधा दिवसा, तीही नाक्यावर होते. ट्रॉलीच्या मागे उजेड आहे की नाही, हे दुपारी बारा वाजता कळणार नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी सात ते नऊ अशी तपासणी झाली, आणि पहिल्या खेपेला पावती फाडण्याऐवजी तिथेच पट्टी लावून पुढे सोडले, तर ड्रायव्हर लोकांचा विरोधही राहणार नाही.

गाडी बंद पडणे कुणाच्या हातात नाही. लोखंड आहे, तुटणारच. टायर आहे, फुटणारच. पण तुटलेली ट्रॉली अंधारात सोडून जायचे की तिच्यामागे सत्तर पावलांवर एक खूण ठेवून जायचे, हे पूर्णपणे आपल्या हातात आहे. आज संध्याकाळी ट्रॉली भरून झाली की दोर आवळण्याआधी मागे जाऊन एकदा पट्टी पुसा. ती पट्टी पाहून ज्याने ब्रेक मारला, तो तुम्हाला कधी भेटणार नाही, पण घरी पोचलेला असेल.